दिवा लागलेली गाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

बंद पडली! कामशेतच्या खिंडीत, ऐन चढावर, मागे वाळूचा ट्रक. इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीनं मानच टाकली. ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. मी घामाघूम. जरा वेळानं किल्ली फिरवली तर सुरू — जसं काही झालंच नव्हतं! दिवा मात्र तळेगावला घरी येईपर्यंत तसाच.

विहंगला सांगितलं. त्यानं विचारलं, गिअर चुकला का? नवरा आहे की परीक्षक!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी दिवा गायब.

नानांना विचारलं, स्कॅनर लावला होता का? हा सासऱ्यांचा प्रांत. देहूरोडच्या डेपोत गाड्यांमध्ये हयात गेली त्यांची. विहंगनं वाढदिवसाला तो डबीएवढा स्कॅनर दिला, तेव्हापासून तो स्टिअरिंगखाली खुपसायचा आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचायचा, हाच छंद. गेल्या वर्षी P0455 आला, तर खुर्चीतून न उठता म्हणाले, पेट्रोलचं झाकण सैल आहे. खरंच सैल होतं!

आज म्हणाले, "नाही गं, मी हातसुद्धा नाही लावला."

नाना खोटं बोलत नाहीत. मग मला भास झाला?

शनिवार, ८ नोव्हेंबर

काल पुन्हा. तीच खिंड, तोच दिवा. आणि आज सकाळी दिवा नाही! विहंग स्टेशनपर्यंत चक्कर मारून आला. लोण्यासारखी चालली म्हणे. "तुझ्याच हातात कशी बंद पडते?"

नानांना पुन्हा विचारलं. नाहीच म्हणाले.

सोमवारपासून मी लोणावळ्याला शाळेत एसटीनं जायचं. चावी विहंगच्या खिशात. चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले मी — नानांनी शिकवली. विहंग शेजारी बसला असता तर शिकणं राहिलं असतं आणि घटस्फोट झाला असता. शाळा सुटल्यावर त्या गाडीत मी एकटी असते. कुणाची बाई नाही, कुणाची सून नाही. तेवढंच माझं होतं. रडले खूप.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नानांनी आज पेपर दोनदा आणला. दुकानदारानंही मुकाट्यानं दिला! सगळे हसलो. बरं वाटलं जरा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हट्टच धरला. म्हटलं, एकदा कैलासला दाखवू, मग खुशाल विकून टाक. कामशेतला त्याच्या गॅरेजात गेलो. त्यानं मशीन लावलं. कोड नाही. विहंगनं माझ्याकडे असं बघितलं की धरणीनं पोटात घ्यावं.

पण कैलास मान हलवत म्हणाला, "कोड कुनीतरी पुसतंय, वहिनी. पुसला की दिवाबी जातो. दिवा लागला म्हंजी कोड असनारच. आन कोडच न्हाई तर मी बदलू काय?" आता दिवा लागला की कुणालाही हात लावू द्यायचा नाही, तशीच आणायची, असं बजावलं.

विहंगनं शपथ घेतली, 'मी नाही पुसला.' चावी मिळाली. आठवडाभरापुरती.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पडली बंद! आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झाला. गाडी दारात लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. देवापाशी दिवा लावायच्या वेळेला नाना गाडीत वाकलेले, हातात मोबाइल.

धावत जाऊन मोबाइल ओढून घेतला. P0335. खाली 'पुसायचं का' विचारत होतं.

"दिवा लागलेली गाडी शेडमध्ये उभी करायची नाही," अगदी शांतपणे म्हणाले. "डेपोचा नियम आहे. पुसून लावायची."

"मग मला 'नाही' असं का सांगितलंत?"

"मी? कधी?"

कधी! माझा तोल गेला. नाही नाही ते बोलले. सुनेला मूर्ख ठरवायचं होतं तुम्हाला, असंही बोलले. ते स्कॅनर खिशात घालून आत गेले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

क्रँकचा सेन्सर! कोड ऐकताच कैलास हसला. गरम झाला की मरतो, गार झाला की उठून बसतो म्हणे. नवा बसवला. खिंड एका दमात चढले, गाणं म्हणत!

विहंगनं चावी माझ्या हातात दिली आणि चक्क सॉरी म्हणाला. नानांशी मात्र बोलले नाही. बोलणारही नाही. माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले ते, आणि तेही दोनदा.

शनिवार, २२ नोव्हेंबर

संध्याकाळी नाना गाडीपाशी उभे. हातात स्कॅनर. मी तावातावानं गेले.

"सूनबाईची गाडी सारखी बंद पडते," म्हणाले. "ती यायच्या आत बघून ठेवतो."

"नाना, मीच ती. आसावरी."

हसले. परक्या बाईशी हसावं तसं, अदबीनं.

"बसा ना तुम्ही. येईलच ती शाळेतून."