सासरेबुवांच्या शेजारची लेन

सोमवार, ४ तारीख
सासरेबुवांच्या रिव्हॉल्व्हरचा फोर्सिंग कोन खरबरीत आहे. नेमबाजी क्लबच्या मिस्त्रीने टॉर्च मारून खात्री केली. चक्रातून सुटलेली गोळी नळीत शिरते, ते नरसाळ्यासारखं तोंड म्हणजे फोर्सिंग कोन. कालपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. तिथे शिसं खरवडलं जातं आणि त्याचे कण शेजारच्या लेनमध्ये उभ्या राहणाऱ्या टीममधल्या डेंटिस्टच्या गालावर उडतात. डेंटिस्ट वैतागलाय.
टीममधली ती शेजारची जागा मला कधीची हवी आहे. सख्खा जावई असून मी बाहेर बसून स्कोअर लिहितो!
मिस्त्री म्हणाला, घासून गुळगुळीत करून देतो. मी म्हटलं, मीच करतो. सासरेबुवा ‘हूं’ म्हणाले. होकाराचं हूं होतं.

मंगळवार
क्लबच्या टेबलावर श्रीगणेशा. पितळी ठोकळीला घासायची बारीक पेस्ट लावून हाताने फिरवायचं, पुसायचं, बघायचं. मिस्त्रीने तीनदा बजावलं, जरा जरा करा. घाबरट माणूस.
संकल्प : घाई करायची नाही.
घरी हिने स्वयंपाकघरातल्या नळाची आठवण काढली. मी दुरुस्त केल्यापासून तो नळ एकदाही गळलेला नाही. त्यातून पाणीच येत नाही, हा वेगळा मुद्दा.

बुधवार
बारीक पेस्ट फारच वेळखाऊ. कपाटात जाडी पेस्ट सापडली. काय चमक आलीय! सध्या एकाच बाजूला. दुसरी उद्या.

गुरुवार, दुपार
दुसरी बाजू पहिलीच्या पुढे गेली. मग पहिलीला तिच्या बरोबरीला आणलं. मग दुसरीला.
मिस्त्री चहाला गेलाय. ड्रिल मशीन मोकळंच आहे.

गुरुवार, संध्याकाळ
ड्रिल मशीनबद्दल आज काही लिहीत नाही.

शुक्रवार
मिस्त्रीने टॉर्च नळीवर मारली. मग माझ्या तोंडावर मारली. म्हणाला, साहेब, नरसाळं होतं, त्याची बादली केलीत. गेलेला धातू परत येत नाही, आणि नवी नळी रविवारच्या मॅचच्या आधी मिळत नाही. वर विचारलं, मशीनला हात कुणी लावायला सांगितला होता?
माणसाने सल्ला द्यावा, पण टोन सांभाळावा.

शनिवार, सकाळ
मिस्त्रीने रिव्हॉल्व्हर शिकंज्यात आवळलं, दोन्हीकडे पुठ्ठे लावले आणि लांबून दोरी ओढली. पूर्वी डावीकडे चार-पाच ठिपके पडायचे. आता दोन्ही पुठ्ठ्यांची चाळणी. प्रगती झालीच नाही असं म्हणता येणार नाही.
डेंटिस्टने टीममधून नाव काढून घेतलं. म्हणाला, दात माझा धंदा आहे, स्वतःचे घालवायचे नाहीत.

शनिवार, रात्र
सासरेबुवांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. ते दुसऱ्या कुणाच्या रिव्हॉल्व्हरला हात लावत नाहीत. उद्याची मॅच त्यांची शेवटची. रागावले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, जावईबापू, टीममध्ये एक जागा झालीय. डेंटिस्टचीच. तुम्हाला हवी होती ना?
मिस्त्रीने वेल्डिंगचा मुखवटा पाठवलाय. पंचांची तेवढीच अट आहे. मी घालून दाखवला. ही म्हणाली, लग्नात हाच घातला असता तर फोटो बरे आले असते.
उद्या सकाळी पहिली फेरी. त्याआधी सासरेबुवा सरावाच्या सहा गोळ्या झाडतात.
मघाशी त्यांचा फोन आला. उद्या बारा झाडणार आहेत म्हणे.