बाटलीतली कोरी चिठ्ठी

३ मार्च

आज संग्रहालयात नव्या बाईंनी माझ्या नवऱ्याची बाटली मागितली. म्हणजे त्याच्या नावाची. आत बिनशंखाची समुद्री गोगलगाय – बोटाएवढी, उकडल्यासारखी पांढरीफटक. जिवंतपणी रंगीत असतात, स्पिरिटात पडल्या की सगळ्या एकाच तोंडाच्या.

तो पाणबुड्या होता. त्यानंच ही काढली, आणि जुन्या साहेबांनी नवी जात म्हणून तिला त्याचं नाव दिलं. पुढं त्याच पाण्यात गेला. दारावरची पाटी घरमालकानं काढली. नाव उरलंय ते या बाटलीवर.

४ मार्च

बाई या गोगलगाईंच्या अख्ख्या वंशाची नव्यानं वाटणी करतायत. सात जाती होत्या, चारच उरतील म्हणे. जिभेवरचे दात मोजतात. जिभेवर दात! सासूबाईंची आठवण झाली.

७ मार्च

मेलं नशीब! त्याच्या गोगलगाईचे दात पिवळ्या काठाच्या जुन्या जातीसारखेच निघाले. पाठीवरचे तुरे जास्त म्हणून साहेबांनी ती वेगळी धरली होती. “तुरे वयानं वाढतात हो मावशी,” बाई म्हणाल्या. “आता सगळं रंगावर. काठ दुसऱ्या रंगाचा असेल तरच हे नाव वाचेल.”

साहेबांनी पुस्तकात रंग लिहिलाच नाही. ‘चिठ्ठी पाहा’ लिहून मोकळे झाले, नि वर गेले.

मी म्हटलं, काठ जांभळा होता. ‘तुझ्या शालीसारखा’ – तो स्वतः मला म्हणाला होता. बाई हसल्या. “तुमची शाल कशी छापू?” चिमट्यानं बाटलीतली चिठ्ठी काढली.

कोरी!

“कोरी कशी?” बाईंनी विचारलं. मी बाटल्या पुसत राहिले.

८ मार्च

इथं तरी खरं लिहिते. चिठ्ठी मी पालटली.

तो गेल्यावर त्याच्या जागी मला इथं कामाला घेतलं. आठ दिवस झाले होते. त्यानं होडीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी पुसट दिसली. म्हटलं, हेही जाईल. पेन घेतलं, नव्या कागदावर एकेक अक्षर उतरवलं. काय लिहिलंय ते बघतच नव्हते, त्याचं वळण बघत होते. जुनी चिठ्ठी हातातच लगदा झाली.

स्पिरिटात शाई टिकत नाही, पेन्सिलच टिकते! इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला कोण सांगणार होतं?

पाण्यानं त्याला नेलं, नाव मी बुडवलं.

११ मार्च

लेकीला सांगितलं. म्हणाली, “आई, नाव गेलं म्हणून बाबा परत मरत नाहीत.”

मरतो! तुला काय कळतंय, म्हटलं.

“बरं. आणि इतकं दाबून नको लिहूस, वहीची खालची तीन पानं फुकट जातात.” हिला वहीची पडलीय!

१२ मार्च

बाईंना सांगून टाकलं. ओरडतील वाटलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “नाव पुसत नाहीत मावशी. दुसऱ्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं.”

बारीक अक्षरात! जन्मभर तसाच तर राहिला बिचारा.

सोमवारी बाईंचा लेख छापायला जाणार.

१३ मार्च

जेवण नको, माणूस नको. पानभर नुसतं त्याचं नाव लिहिलं.

१४ मार्च

पान उलटलं तर कोऱ्या पानावर कालचं नाव उमटलेलं. बोट फिरवलं, लागलं.

अगं बाई! मी दाबून लिहिते!

१५ मार्च, सोमवार

बाईंच्या आधी पोचले. चिठ्ठी काढली, वाळवली, खिडकीशी तिरकी धरली. उमटलंय. ‘काठ पिवळा.’

शाल म्हणे! मला खूश करायला बोलला असणार, मेला.

बाई आल्या. “काही वाचता येतंय?”

चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, तुम्हीच वाचा, माझा चष्मा घरी राहिला.

चष्मा डोक्यावरच होता.