मेळ घालायला गेलो

सोमवार, ६ जानेवारी
सिंधू, गावाहून निघताना तू वही दिलीस त्याला पंधरा दिवस झाले आणि पहिलं पान आज लिहितो. रागावू नको. खामगावचा दवाखाना झकास आहे. पेशंटचं नाव, गाव, नंबर, आजार मी रजिस्टरात लिहितो, मग मंजुश्री ते कॉम्प्युटरात भरते. पोरगी पंचविशीची, पण डॉक्टर फहीम सगळं तिलाच विचारतात. मला चहा सांगायला पाठवतात. आज तुझी भाची अर्पिता फिट येतात म्हणून दाखवून गेली. लग्न ठरलंय त्या सागरच्या घरच्यांना ती स्वतःच सांगणार आहे, तोवर मी गप्प.

बुधवार, ८
दवाखान्याच्या मोबाईलवर धमकी आली. सगळ्या पेशंटची माहिती चोरली म्हणे. पैसे द्या, नाहीतर गावोगाव पसरवू. मंजुश्रीनं तपासून सांगितलं, काहीच गेलं नाही. असे लोक नुसती थाप मारतात, उत्तर द्यायचं नाही. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, पोरगी नाही, वाघीण आहे! मग माझ्याकडे वळून, ‘जानरावकाका, तुम्ही काऊन थरथरून राह्यले?’ सगळे हसले. डबा तसाच परत नेला.

गुरुवार, ९
तपासलं म्हणते. मेळ कुठं घातला? डोणगावच्या अडतीत तीस वर्षं पोत्यांचा मेळ मीच घातला. समोरचा खोटा वाटला की आपली यादी त्याच्यापुढं टाकायची. त्याची जुळली नाही की तो उघडा पडतो. मी तो नंबर उतरवून घेतला. रजिस्टरातल्या सोमवारच्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलवरून धाडला आणि विचारलं, हे आहे का तुमच्याकडे? उद्या वाघ कोण ते कळेल.

शुक्रवार, १०
उत्तर आलं. ‘आता आहे.’
दुपारी तेच पान दवाखान्याच्या मोबाईलवर. माझं अक्षर मंजुश्रीनं ओळखलं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. त्याचाही राग आला मला.

शनिवार, ११
पानावर चौदा नावं. रोज एक, वरून खाली, असं कळवलंय त्यांनी. पहिल्याचा आजार त्याच्या गावभर मोबाईलवर फिरला. बायको माहेरी गेली म्हणतात. डॉक्टर पोलिसांत गेले — मंजुश्रीला घेऊन. मला नाही नेलं.
अर्पिता तिसरी.

रविवार, १२
दुसरं झालं.

सोमवार
तुझा फोन लागत नाही. अर्पिताचाही — सागरकडून कुणी आलं का? त्या धमकीवाल्यांकडे काही नव्हतं गं, काहीच नव्हतं, मीच — वही एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. अर्पिता घरात आहे, एवढंच लवकर कळव. आत्ता माझा मोबाईल वाजतोय, नंबर तोच — सिंधू, लवकर कळ