बिनमातीचा पालक

१२ नोव्हेंबर २००३, बुधवार. सकाळी सव्वासात. नव्या खोलीचा चुना वाळला का, ते बोटाने पाहत होतो.

पाटसला खोली मिळाली! साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सीझनपुरता लागलो आहे; रसाचे नमुने आणायचे, नळ्या धुवायच्या. घरमालकीण लालबी चाची पलीकडच्या खोलीत एकट्याच राहतात. अंगणात सगळी फरशी, मधोमध पत्र्याने झाकलेली विहीर. मांडवगणला आमच्या दारात वाफे होते, इथे मूठभर माती नाही. पण कृषी प्रदर्शनातले पत्रक मी जपून ठेवले आहे, पाण्यावर भाजी पिकवण्याचे. आता करून पाहणार.

१६ नोव्हेंबर

द्राक्षांचा थर्माकोलचा खोका आणला, वीतभर खोल. झाकणाला सहा भोके, भोकांत प्लॅस्टिकचे कप, कपांत धुतलेली खडी. माशांच्या टाकीत बुडबुडे सोडतो तसला पंप आणि पाण्यात विरघळणारे खत दौंडहून आणले. पालकाची रोपे शेजारच्या मळ्यातली. मुळांची माती आधी बोटांनी, मग जुन्या टूथब्रशने काढली; माती राहिली तर मुळे कुजतात, असे पत्रकात आहे. नळाचे पाणी खारे. चाची केडगावला गेल्या होत्या, म्हणून न विचारताच पत्रा सरकवला आणि विहिरीतून दोन बादल्या काढल्या. गोड पाणी आहे.

कामावर बाळासो म्हणाला, "आरं, पाण्यावर पालक, मंग कोंबड्या काय वाऱ्यावर पाळतूस व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलले ते एवढेच.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी लोडशेडिंग. पंप बंद पडला की मुळे गुदमरतात, म्हणून झाकण उचलून हाताने पाणी ढवळतो. मुळे दुधासारखी पांढरी. आज एक मूळ माझ्या तर्जनीभोवती हलकेच वळले, तान्हे मूल बोट धरते तसे. वीज येईपर्यंत हात काढला नाही. कामावरचे सगळे त्याला सांगितले. बरे वाटले.

२६ नोव्हेंबर

आज ईद. चाचींनी शिरखुर्मा आणून दिला. खोका पाहून पाणी कुठले म्हणून विचारले. खोटे बोलवेना. विहिरीचे म्हणालो, तेव्हा त्या पत्र्याकडे पाहत सांगू लागल्या.

विहीर खोल करताना त्यांचा मुलगा फिरोज आत होता. खडक फुटून एकदम पाणी आले. तीन दिवस इंजिन लावून उपसा केला, फिरोज सापडला नाही. तेव्हापासून पत्रा. चाचींनी झाकण उचलून आत पाहिले. मुळांचे पाच फाटे झाले होते, शेवटचा वाकडा. फिरोजची करंगळी रहाटात सापडून अशीच वाकडी झाली होती म्हणाल्या.

दुपारी त्यांनी कब्रस्तानाच्या कुंपणाजवळून माती आणवली, रुमालात बांधून माझ्या खिडकीत ठेवली. "आमच्यात बाया मातीला जात न्हाईत, बेटा. तू गडी माणूस हायस. तूच पाणी काढलंस, तूच ह्या खोक्यात माती दे. तीन मुठी. लेकरू सुटंल माजं." मी हो म्हणालो. संध्याकाळी त्यांची मुलगी सबीना येऊन त्यांना केडगावला घेऊन गेली.

२८ नोव्हेंबर

दिली नाही. तीन मुठींनी सगळे पाणी नासेल. आणि मग संध्याकाळी खोलीत कोण राहील? उद्या देईन.

वीज गेल्यावर हात घातला. पाचही फाट्यांनी धरला. दाबला.

१ डिसेंबर

पाने काळपट हिरवी, तळहाताएवढी. एकही तोडले नाही. उजव्या हाताची बोटे पांढरी पडली आहेत, पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. दिवसभर कोरडी ठेवली तरी तशीच. कारखान्यातून आणलेल्या लिटमसच्या कागदाने पाणी तपासले. ठीक आहे. पाणी ठीक आहे.

कामावर गेलो नाही. कोणी विचारायला आले नाही.

३ डिसेंबर

पांढरेपणा मनगटापर्यंत. थंड. आज सोडायला वेळ लावला – मी नाही, त्याने. उद्या नक्की देणार. रुमालाची गाठ सैल करून ठेवली आहे –

४ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडे येते.

वीज नाही, तरी बुडबुडे येत आहेत.

खोका वीतभर खोल आहे. मी मोजला होता. हात कोपरापर्यंत आत गेला आहे आणि तळ लागत नाही –

हाका मारल्या. चाचींच्या दाराला कुलूप.

खांदा –

खर्च: पंप १२०, खत ४०, खोका १५.

देणे: चाचींचे भाडे २००. फिरोजला माती, तीन मुठी. रुमाल खिडकीत आहे, हात पोहोच