खलाशाच्या बुटांजवळ

सेंट जॉन्स,
२० ऑगस्ट २०२४

ती. आईस,
लेस्टरचा शि. सा. न.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तुझ्या लेकीने, डिम्पलने, मध्ये पडून सांगितलेलं तुला पटत नाही, म्हणून लिहितो. त्या खलाशाच्या बुटांजवळ ठेवायला तू पाठवलेली रोझरी मिळाली. महायुद्धात बुडालेल्या त्या जहाजातल्या बुटांबद्दल तुला उगाच सांगितलं, असं झालंय मला!

टुरिस्टांना घेऊन त्या जहाजावर डाइव्ह करणं हे माझं कामच आहे, पण आम्ही बाहेरूनच फिरतो. ते बूटसुद्धा मी खिडकीतून टॉर्च मारून पाहिले. आत ऐंशी वर्षांचा गाळ आहे. पाय लागला की असा उसळतो की स्वतःचा हात दिसत नाही, मग दार कुठलं दिसणार? शिवाय तिथलं काही उचलायचं नाही आणि तिथे काही ठेवायचंही नाही, असा नियम. तरी तुझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी जाऊन बाहेरच्या कठड्याला बांधून येतो. पाणी इतकं गार आहे की शॅरन म्हणते, सासूबाईंना एकदा बुडवून आण, म्हणजे असल्या फर्माइशी थांबतील.

रागावू नकोस, लोभ कर.
तुझा लेस्टर


हॅमिल्टन,
२९ ऑगस्ट

चि. लेस्टर यास,
आईचे अ. उ. आ.

शॅरनला सांग, सासूबाई वसईच्या आहेत, सहजासहजी बुडत नाहीत.

आणि कठड्याला कसली बांधतोस? ती काय कपडे वाळत घालायची दोरी आहे? उद्या कोणी टुरिस्ट आठवण म्हणून खिशात घालील. तुझी आजी ऑल सोल्सच्या दिवशी आधी बेवारस कबरीवर मेणबत्ती लावायची, मग आपल्या माणसांच्या. त्या खलाशाला कबरसुद्धा नाही रे. त्याची आई वाट बघून बघून गेली असेल. बुटांजवळ ठेव. दोन मिनिटांचं तर काम. लहानपणापासून तुझं हेच, आधी कुरकुर करायची आणि मग सांगितलेलं सगळं करायचं.

स्वेटर घाल. दोघांवर माझी माया आहेच.
तुझी आई


हॅमिल्टन,
३० सप्टेंबर

चि. शॅरन,
सवयीने ‘सौ.’ लिहिलं आणि मग खोडलं. माफ कर, पोरी.

लेस्टरला इथे पप्पांच्या कबरीशेजारी ठेवून पंधरा दिवस झाले. तू होतीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं, विचारता आलं नाही. तो आत गेला होता का गं? माझी रोझरी ठेवायला? डिम्पलला विचारलं की ती ग्रोसरीचा विषय काढते. तू तरी खरं सांग. घास उतरत नाही मला.

तुझी आई


सेंट जॉन्स,
७ ऑक्टोबर

ती. आईंना,
शॅरनचा शि. सा. न.

लेस्टर आत गेला नव्हता. बाहेरच, कठड्यापाशी, थंडीने छातीत कळ आली. रोझरी तर त्याने नेलीच नव्हती, ती इथे ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवत जा.

तुमची शॅरन


हॅमिल्टन,
१५ ऑक्टोबर

चि. शॅरन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतक्या दिवसांत काल पहिल्यांदा पोटभर भात जेवले. माझं ऐकलं नाही त्याने! देवा, किती बरं केलं! जन्मभर ऐकलं आणि नेमकं हे तेवढं नाही ऐकलं.

ती रोझरी मला पाठवशील? त्याच्यासाठी तीच हातात धरून म्हणेन म्हणते.

माया राहू दे.
तुझी आई


सेंट जॉन्स,
२२ ऑक्टोबर

ती. आईंना,
शि. सा. न.

दोन दिवस तसलीच रोझरी शोधत फिरले. मिळालीसुद्धा. पाकिटात घातली, पत्ता लिहिला आणि पोस्टापुढे गाडीत बसून राहिले. नाही जमलं, आई.

तुमची रोझरी त्या बुटांजवळ आहे. ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्या डायव्हर्सनी सांगितलं. नीट ठेवली होती म्हणे. परतताना गाळ उसळला आणि त्याला दार सापडलं नाही. सिलिंडरमधली हवा संपली. मी खोटं लिहिलं.

अजून एक आहे. तो जाणारच नव्हता. ठेवली असं आईला कळवून टाकू या म्हणत होता. मीच म्हटलं, आईशी खोटं नको बोलूस, जा, उरकून ये एकदाचं, नाहीतर ख्रिसमसपर्यंत त्यांची पत्रं येत राहतील. मीच त्याला धक्क्यावर सोडलं. एकटा जाऊ नको, एवढंही म्हटलं नाही. घरी येऊन भांडी घासली, टीव्ही लावला.

तुम्ही काय म्हणाल ते सोसेन.
शॅरन


हॅमिल्टन,
२८ ऑक्टोबर

चि. शॅरन,

पत्र मिळालं. डिम्पलला दाखवलं नाही, दाखवणारही नाही.

तुला चांगलं खरमरीत लिहावं म्हणून सकाळपासून बसले. जे लिहायला घ्यावं ते माझ्यावरच येत होतं. दोन मिनिटांचं काम, असं मीच लिहिलं होतं.

शनिवारी ऑल सोल्स, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते. तिकीट काढ आणि ये. बेसमेंटमधली खोली आवरून ठेवते. त्याच्याकडे जायला मी तीनदा कोट घातला आणि तीनदा काढून ठेवला. एकटीने त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ? तू बरोबर असलीस तर तुझ्याकडे बघून तो मलाही उभी राहू देईल.

तुझी आई