पहिल्या रांगेतली बाई

९ जानेवारी, रविवार

हरलो! ठरल्याप्रमाणेच हरलो, पण लोक हसले. खलनायकाला कधी कोणी हसतं का? मी 'विंचू' — काळी चड्डी, तोंडाला काळा रंग — आणि समोरून एकजण म्हणतो, "काका, सावकाश!"

प्रेक्षक पन्नासेक. मालकांचा मूळ धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा, म्हणून तर कुस्तीची कंपनी काढली. डोक्यात घालायला खुर्च्या घरच्याच! म्हणाले, "लोकांना तुझा राग यायला हवा रे. कुणीतरी शिव्यांना सुरुवात करून दिली पाहिजे."

घरी येऊन बायकोला विचारलं. "मी? तुम्हाला? शिव्या?" चक्क लाजली.

१६ जानेवारी

बायको पहिल्या रांगेत, अनोळखी बाई म्हणून. आधी एवढासा आवाज. मग मी हिरोच्या डोळ्यांत राख फेकली (टाल्कम पावडर), तशी ताडकन उठली — "मेल्या! वर तोंड करून बघतोस काय!" हॉल पेटला! हरलो, पण कसा हरलो!

२० फेब्रुवारी

तीनशे लोक! ती बोलते आणि मागून अख्खा हॉल ओरडतो. आज म्हणाली, "तुझ्या आईला दवाखान्यात कोण नेतं रे? तू?" सगळे — "तू? तू?" आता आईला हीच नेते, ते सोडा. पण सुचतं काय एकेक! मालक म्हणाले, "वहिनींना हे येतं कुठून?" म्हटलं, उपजतच आहे. छाती फुगली माझी.

३ एप्रिल

बायको घरी हल्ली फारसं बोलत नाही. घसा जपते म्हणे. माझी काही तक्रार नाही, पेपर निवांत वाचून होतो.

२२ मे

मोठं सभागृह, बाहेर रांग, शेजारच्या दोन गावांतून बोलावणी! हिरोने मला डोक्यावर उचललेलं, आणि ती एकदम हळू आवाजात — "सात वर्षं झाली. एकदा तरी विचारलंस, तू जेवलीस का?"

मागे एक आजीबाई रडायला लागल्या. हिरो मला आपटायचं विसरला. वरच धरून कानात विचारतो, "हे ठरलं होतं?" म्हटलं, "तू आपट रे."

घरी आल्यावर तिला विचारावंसं वाटलं खरं. पण टीव्हीवर मॅच होती.

१९ जून

डाव्या हाताने लिहितोय. आपटताना चुकीचा पडलो, उजवा खांदा निखळला. खरोखरचा! मी बोंबलतोय आणि लोक टाळ्या पिटताहेत. पंच वाकून म्हणतो, "काय अभिनय करतोस, राव!"

कळलं फक्त तिला. माझ्यावर उगारलेल्या चपला खाली टाकून दोरांखालून आत शिरली, पंचाला ढकललं — "बाजूला व्हा! नवरा आहे माझा!"

सगळ्यांनी ऐकलं. एकच हशा. थांबेचना. मालक कपाळाला हात लावून बसलेले. ती माझं डोकं मांडीवर घेऊन घाम पुसत होती. जीव जात होता दुखून, आणि इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

३ जुलै

हात गळ्यात बांधून नुसता मिरवायला रिंगणात गेलो. एकवीस प्रेक्षक. तिने तोंड उघडलं की लोक म्हणतात, "वहिनी, घरी गेल्यावर बघा त्याच्याकडे!" राग कुणालाच येत नाही. मी चक्क आवडायला लागलोय. संपलं!

१७ जुलै

रिंगण मोडलं. मालकांनी हिरोला खुर्च्या पोचवायच्या कामावर घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. सहा महिने का होईना, अख्खा हॉल माझा राग राग करत होता!

१८ जुलै

बायकोला म्हटलं, कंपनी चालली ती तुझ्या वाक्यांवर. रचायचीस कधी गं ती?

म्हणाली, "रचली कुठे? सगळी आधी तुम्हाला घरीच म्हणून झाली होती."