पहिल्या पाटाचा सूड

१ जानेवारी १९८८, शुक्रवार
नवीन वर्षाचा एकच संकल्प: देवरावचा सूड. (पहाटे उठणे, व्यायाम आणि इंग्रजी सुधारणे पुढच्या वर्षी. एका वेळी एकच काम हाती घेतलं की ते नीट होतं.)
पंचांग आणलं. यंदा ज्येष्ठात अधिक महिना आहे. म्हणजे पारशिवनीहून, सासरहून, धोंडे जेवायचं बोलावणं येणार. तीन वर्षं वाट पाहिली.
झालं ते विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. मी थोरला जावई. पहिला पाट माझा, अनारशांचं पहिलं वाण माझं. १९८५च्या अधिक महिन्यात मी पाटावर बसलो, आणि देवरावने, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुमतीच्या, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, टीव्हीला एक डबा जोडला. दुबईचा टीव्ही गेम. पडद्यावर दोन दांड्या आणि एक ठिपका, त्याला टेनिस म्हणायचं. अख्खं घर तिकडे पळालं. मी समईजवळ एकटा, पुढे धोंडे गार. मग मलाही ओढून नेलं आणि एकवीस-तीनने हरवलं. सासरे टाळ्या पिटत म्हणाले, मास्तर, तुमच्याच्यानं हे नाही होत जी.
मी बी.एस्सी. आहे. देवराव संत्र्याचा व्यापारी, मॅट्रिक नापास.
त्याच दिवशी शपथ घेतली: सूड उगवेपर्यंत अनारसा तोंडात घालणार नाही. आजवर पाळली आहे. अनारसे मला किती आवडतात ते माझं मलाच ठाऊक.

१७ जानेवारी, रविवार
सीताबर्डीला चंपतरावच्या दुकानात गेलो. रेडिओ, टीव्ही, आणि आता या वस्तूही ठेवतो. दोन पर्याय आहेत.
एक, टीव्ही गेम. देवरावकडे होता त्याच्या पुढचा. कॅसेटसारखी वडी खुपसायची की चालू.
दोन, होम कम्प्युटर. टाइपरायटरसारखा, पण काळा आणि चपटा. टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडायचा. गेम टेपच्या कॅसेटवर असतो, तो आवाजातून आत शिरतो. शास्त्रीय गोष्ट आहे.
निर्णय घाईने घेणार नाही. शास्त्राचा माणूस दोन्ही बाजू तपासतो.

२४ जानेवारी, रविवार
टीव्ही गेम तपासला. समोर चंपतराव स्वतः बसला. पान चघळत, गिऱ्हाइकाशी बोलत, डाव्या हाताने खेळला आणि जिंकला. तीन डाव.
हा खेळ निव्वळ मनगटाचा आहे. बुद्धीला वाव नाही. टीव्ही गेम बाद.

३१ जानेवारी, रविवार
पण टीव्ही गेम लावला की लगेच चालू होतो. कम्प्युटर बाद.

७ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे मी देवरावसारखाच डबा घेऊन गेलो तर लोक म्हणतील मास्तरने नक्कल केली. कम्प्युटर.
चंपतराव म्हणाला, मास्तर, खेळाचंच असन तर हा डबा न्या. कम्प्युटरले लई सोबत द्या लागते, त्याच्यात जीव काहून घालून राहिले?
म्हणजे यालाही वाटतं, मास्तरच्याने होत नाही. मी तिथल्या तिथे कम्प्युटर बांधून मागितला.

८ फेब्रुवारी
घरी एक छोटी अडचण. बाजूला ठेवलेली रक्कम नवीन कूलरसाठी होती असं सुमतीचं म्हणणं. मी सांगितलं की थंडीच्या दिवसांत कूलरचा विषय काढणं हे दूरदृष्टीचं लक्षण नाही. ती म्हणाली, मे महिन्यात मले याच्यापुढे बसवान काय?
मी म्हटलं, मे महिन्यात तू अभिमानाने बसशील.

१४ फेब्रुवारी, रविवार
लोड झाला नाही. गेमची टेप पाच मिनिटं किंचाळते, मग पडद्यावर इंग्रजीत चूक दिसते. शेजारच्या प्रयागबाई विचारायला आल्या की कोणाचं लेकरू पडलं वं.

२८ फेब्रुवारी
लोड झाला नाही.

६ मार्च, रविवार
शोध लागला! सगळी गोम टेपच्या आवाजात आहे. बटण सातच्या थोडं पुढे आणि आठच्या बरंच मागे हवं. केसभर इकडेतिकडे झालं की संपलं. ती जागा हरवू नये म्हणून सुमतीचं कुंकू ओलं करून बटणावर टिकली लावली. सुमती म्हणाली, माझ्या टेपले सवाष्ण केलं, आता तिची ओटी भरा लागन.
विनोद समजण्याइतका मी मोठा आहे. टेनिस लोड झालं. दांड्या रंगीत!

१३ मार्च
आज एकवीस-शून्यने जिंकलो. समोर कुणी नव्हतं. पण आकडा आकडा असतो.

२० मार्च
सरावासाठी सुमतीला समोर बसवलं. ती एका हाताने मेथी निवडत होती. निकाल लिहिण्यासारखा नाही. डावीकडच्या बटणांत दोष आहे, आणि मी मुद्दाम तिला डावीकडची दिली होती, दोष तपासायला. तपासणी पूर्ण झाली. सुमतीबरोबर सराव बंद.

१० एप्रिल, रविवार
सुडाचा बेत पक्का. देवरावला आधी पाच पॉइंट घेऊ द्यायचे. लोक म्हणतील, वा देवराव. मग एकही नाही. शेवटी उठून शांतपणे म्हणायचं, देवराव, हा खेळ नाही, विज्ञान आहे. आरशापुढे म्हणून पाहिलं. हसायचं नाही, फक्त डावी भुवई. माझ्याने दोन्ही उचलल्या जातात. सराव हवा.
मग पहिला पाट, मग पहिलं वाण, मग अनारसा. सर्वांदेखत.

१ मे, रविवार
ऊन भयंकर. कम्प्युटर तव्यासारखा तापतो. जुना कूलर त्याच्याकडे वळवला, पण लांबून. सुमती ओला पंचा डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात बसते. बोलत नाही. एकाग्रतेला ते बरंच.

१२ मे
पारशिवनीचं पोस्टकार्ड आलं. २२ तारखेला धोंडे जेवायला यावे. देवराव आणि त्याची बायको शोभाही येणार. देवराव येणार! पोस्टकार्ड दोनदा वाचलं. आनंदाने.

२१ मे, शनिवार
ट्रंकेत कम्प्युटर, त्यावर सतरंजी, त्यावर टेप. सुमतीची कपड्यांची पिशवी मांडीवर घ्यावी लागेल. ती म्हणाली, आईसाठी घेतलेलं लुगडं कुठी ठेवू? मी म्हटलं, अंगावर नेस. यावर ती जे म्हणाली ते वऱ्हाडीत होतं आणि इथे लिहीत नाही.

२२ मे, सकाळी साडेदहा. पारशिवनी.
सुखरूप पोचलो. देवराव आधीच आलेला. पाया पडला, म्हणाला, कसे आहात भाऊ, वाळले जी तुम्ही. नाटकी माणूस.
सासऱ्यांच्या टीव्हीला सगळं जोडलं. त्यांच्याकडे नवीन कूलर आहे, मोठा, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा. कम्प्युटर आणि टेप दोन्ही त्याच्या अगदी तोंडाशी ठेवले. गार राहिले की डाव मध्येच बंद पडायचा नाही. इथे शास्त्र लागतं.
आता जरा सासऱ्यांशी गप्पा. भुवई तयार.

त्याच दिवशी, साडेअकरा
कूलर पाण्याचे तुषार उडवतो. टिकली विरघळली. विरघळून जाती तर चाललं असतं, पण पसरली. आवाजाचं अख्खं बटण लाल. सात लाल, आठ लाल, एकसुद्धा लाल.
घाबरण्याचं कारण नाही. जागा पुन्हा शोधायची, एवढंच.

दुपार
सातला किंचाळली, चूक. सातच्या पुढे, चूक. पाट मांडले म्हणून सुमती बोलवायला आली. म्हटलं, लोड होऊन राहिलं, आलोच. (गडबडीत मीही इथल्यासारखं बोललो.)
सासरे आले. म्हणाले, मास्तर, धोंडे थंडे होऊन राहिले जी. म्हटलं, या कॅसेटनंतर.
सुमती पुन्हा आली. आई थांबली आहे, असं काहीतरी म्हणाली. टेप किंचाळत होती, नीट ऐकू आलं नाही.
मग आतून समईचा वास आला आणि शोभाचा आवाज, अवं आई, मग यायलेच बसव. मी मान वळवून पाहिलं. पहिल्या पाटावर देवराव. पहिलं वाण देवरावच्या हातात. सगळं घर त्याच्याभोवती आणि मी पडद्यापुढे एकटा.
उठून जाणार होतो. पण टेप सात आणि आठच्या मध्ये होती आणि पडद्यावर लोड होतानाचे पट्टे बरोबर येत होते.
चूक.

सायंकाळी
देवराव हात पुसत येऊन शेजारी बसला. काय होय भाऊ हे? मी म्हटलं, टेनिस. तुमच्या त्या टेनिसचा बाप. तो म्हणाला, कोणतं टेनिस?
मी सगळं सांगितलं. दांड्या, ठिपका, एकवीस-तीन, टाळ्या. तो खूप वेळ आठवत होता. मग म्हणाला, तो डबा काय! तो तर मी त्याच दिवाळीत देऊन टाकला, डोळे चुरचुरत होते. मी जिंकलो होतो काय? मले वाटे तुम्ही जिंकले.
तीन वर्षं मी ज्याच्यावर दात ओठ खात होतो, त्याच्याकडे त्याची आठवणसुद्धा नव्हती. फार राग आला. हा सूड घ्यायचा तरी कोणाचा!
साडेपाचच्या एसटीने ती दोघं गेली. जाताना त्याने ट्रंक उचलायला काही मदत लागेल का विचारलं. नाही म्हटलं.
एसटी फाट्यावर हॉर्न देत होती तेव्हा गेम लोड झाला. पहिल्याच झटक्यात.
सासरे येऊन म्हणाले, बातम्या लागतात काय याच्यावर? लागत नाहीत म्हटल्यावर ते अंगणात खाट टाकायला गेले.
खेळलो. एकवीस-शून्य. समोर कुणी नव्हतं.

२३ मे, सोमवार. सक्करदरा, घरी.
कालचं थोडं राहिलं होतं.
वायरी गुंडाळत होतो तर सासूबाई, तुळसाबाई, झाकलेलं ताट घेऊन आल्या. मी म्हटलं, भूक नाही. त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या. ओठ सुकलेले. सुमती मागून म्हणाली, तुम्ही जेवल्याबिगर आई पाणी पेत नाही, थोरल्या जावयाचं ताट आहे ते, सकाळपासून तीनदा सांगून राहिली मी तुम्हाले. मला एकदाच ऐकू आलं होतं, तेही अर्धं.
सासूबाई म्हणाल्या, राहू दे वं, त्याहिचं काम होतं मशीनचं. आणि ताट पुढे सरकवलं. एका बाजूला अनारसे वेगळे ठेवले होते, जास्त खसखस लावलेले. पंच्याऐंशी साली तुम्ही एकही खाल्ला नाही, म्हणाल्या, म्हटलं पीठ बिघडलं असन माझं. या वेळी तांदूळ जास्त दिवस भिजवला.
मी खाल्ले. एकेक करून सगळे खाल्ले, आणि शेवटचा संपल्यावर त्या पाणी प्यायल्या.
चांगले झाले होते. मी तसं सांगितलं नाही, घास तोंडात होता.
आज सकाळी कूलर पुन्हा सुमतीकडे वळवला. टेपच्या बटणावरचं कुंकू अजून निघत नाही.